अमेरिकेचे शेअर आणि गोव्यातले वारस

अमेरिकेतल्या विषमतेचे आकडे आता सगळ्यांना पाठ आहेत. वरच्या 1 टक्का कुटुंबांकडे घरगुती संपत्तीचा सुमारे 30 टक्के वाटा, खालच्या निम्म्या लोकांकडे जेमतेम अडीच टक्के. पण हे होतं कसं, ते आकड्यांतून कळत नाही. गोव्यातल्या माणसाला ते भाटकारावरून, म्हणजे माडांच्या भाटाच्या जमीनदारावरून, लगेच कळेल.

भाट विकलं तर कर, नाही विकलं तर नाही. माडांच्या जमिनीची किंमत दहापट झाली तरी विकेपर्यंत तो नफा कागदावरचाच. पैसा लागला तर भाट गहाण टाकून कर्ज काढायचं. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे त्यावरही कर नाही. अमेरिकेतले अब्जाधीश हेच करतात, फक्त माडांच्या जागी शेअर असतात. खरी मेख पुढे आहे. मालक वारला की अमेरिकेत शेअरची जुनी खरेदी किंमत पुसली जाते आणि मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच वारसाची खरेदी किंमत धरतात. 1 लाख डॉलरला घेतलेले शेअर 1 कोटीचे झाले असतील तर मधल्या 99 लाखांवर आयकर कुणीच भरत नाही, ना बाप ना मुलगा. आपल्याकडे वारसाला बापाचीच खरेदी किंमत चिकटते. या एका बाबतीत आपला कायदा जास्त सरळ आहे.

पगारदाराला असली सवलत नाही. त्याच्या पहिल्या डॉलरपासून 7.65 टक्के सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) यांसाठी जातात. यातला 6.2 टक्क्यांचा भाग 2026 मध्ये 1,84,500 डॉलर पगारापर्यंतच लागतो, त्यावरच्या पगाराला माफ. म्हणजे मोठ्या पगाराला टक्केवारी हलकी. केंद्रीय किमान वेतन जुलै 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवर बसलेलं आहे.

या सगळ्यावर उतारा म्हणून तिथे 1916 पासून वारसा कर आहे, वरचा दर 40 टक्के. मात्र किती संपत्तीपर्यंत तो माफ, हा आकडा राजकारण ठरवतं. 2001 मध्ये तो 6,75,000 डॉलर होता. 4 जुलै 2025 ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने 2026 पासून माणशी दीड कोटी डॉलर झाला, नवरा-बायकोला मिळून तीन कोटी. सिनेटमध्ये 50-50 मतं पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांच्या मताने तो पार झाला, प्रतिनिधीगृहात 218 विरुद्ध 214. ‘मरणावरचा कर’ हे नाव रिपब्लिकन पक्षाने इतक्या वर्षांत असं रुजवलंय की ज्यांना तो कधीच लागणार नाही तेही त्याच्या विरोधात असतात.

तो लागणारी एक जमात मात्र आहे, आणि ती पर्वरीत किंवा मडगावात फ्लॅटमध्ये राहते.

अमेरिकेचा नागरिक नसलेल्या आणि तिथे कायम न राहणाऱ्या माणसाला ही माफी दीड कोटीची नाही, 60,000 डॉलरची आहे. महागाईबरोबर ती वाढतही नाही. साहजिकच आहे, ज्याला मत नाही त्याच्यासाठी कोण भांडणार? अमेरिकन कंपनीचे शेअर आणि अमेरिकेत नोंदलेले ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) ही कायद्याने ‘अमेरिकेतली मालमत्ता’, मग ते म्हापशात बसून मोबाइल ॲपवर घेतलेले असोत की कंपनीने पगाराबरोबर दिलेले. भारत-अमेरिका आयकर करार आहे, वारसा कराचा नाही. आणि आपल्याकडे मृत्यूवरचा कर 1985 मध्येच बंद झाल्यामुळे असा काही कर असतो हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

2,00,000 डॉलरचे शेअर धरू. कर नफ्यावर नाही, मृत्यूच्या दिवशीच्या पूर्ण किमतीवर. 18 टक्क्यांपासून चढत जाणाऱ्या तक्त्याप्रमाणे 54,800 डॉलर होतात, त्यातून 13,000 ची ठरलेली सूट वजा (60,000 वर तक्त्याप्रमाणे तेवढाच कर येतो, माफी ती हीच). उरले 41,800 डॉलर. सगळं मिळून पाचव्या हिश्शाहून जास्त.

तरी कराच्या रकमेपेक्षा जास्त त्रास कागदांचा. मृत्यूची खबर मिळताच ब्रोकर खातं गोठवतो. 60,000 च्या वर मालमत्ता असेल तर वारसाने फॉर्म 706-एनए मृत्यूपासून नऊ महिन्यांत भरायचा. त्यानंतर तिथल्या कर खात्याचं ट्रान्स्फर सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म 5173, येईपर्यंत बरेच ब्रोकर शेअर हलवत नाहीत. मधे बाजार पडला तर नुकसान वारसाचं, कर मात्र जुन्याच किमतीवर. (मृत्यूनंतर सहा महिन्यांची किंमत धरायचा पर्याय असतो, पण तो रिटर्नमध्ये मागावा लागतो आणि तोवर कुणी सांगितलेलं नसतं.) नोटरीसमोर केलेलं आपलं वारसाहक्काचं डीड तिकडच्या माणसाने कधी पाहिलेलं नसतं. त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) घ्या आणि डीड पोर्तुगीजमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

गोवेकराच्या हातात इथे एक पान आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्या नागरी कायद्याने संपत्ती नवरा-बायकोच्या सामाईक मालकीची असते. शेअर एकाच्या नावावर असले तरी निम्मे दुसऱ्याचे. मृताच्या मालकीचे मुळात निम्मेच होते हे तिकडच्या वकिलाला मांडता आलं, तर वरच्या उदाहरणात हिशेब 1,00,000 डॉलरवर येतो आणि कर 10,800 वर. त्यासाठी लग्नाच्या नोंदणीचा दाखला हाताशी हवा. मुंबईच्या सल्लागाराला हे सुचणारच नाही, आपणच सांगायचं.

त्याहून सोपं म्हणजे आधीच काळजी घेणं. ईटीएफच्या आयएसआयएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाची पहिली दोन अक्षरं बघा. ‘यूएस’ असतील तर हा कर लागू. ‘आयई’ म्हणजे आयर्लंडमध्ये नोंदलेला फंड, आत शेअर अमेरिकेचेच असले तरी तुमच्या हातात अमेरिकन मालमत्ता नाही. अमेरिकेत पैसे गुंतवणाऱ्या भारतीय म्युच्युअल फंडाचंही तसंच. शेअर हातातच आहेत आणि 60,000 ओलांडलेत तर हयातीत मुलांच्या नावे बक्षीस देता येतात, परदेशी माणसाने दिलेल्या शेअरवर अमेरिकेचा बक्षीस कर नाही. मात्र ते खरोखर मुलांच्या खात्यात गेले पाहिजेत, नुसतं नॉमिनी लावून भागत नाही.

आपल्या रिटर्नमध्येही गोवा वेगळा पडतो. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 5अ मुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटलं जातं. कंपनीने दिलेले शेअर नावावर होतात त्या दिवशीची किंमत हा पगार, म्हणून तो पूर्ण एकाचा. पुढे ते विकल्यावर होणारा नफा आणि मधला लाभांश दोघांचा. 24 महिन्यांच्या आत विकले तर नफ्यावर कर स्लॅबप्रमाणे, म्हणजे घरात एकाचं उत्पन्न कमी असेल तर इथे बराच फरक पडतो. त्यानंतर विकले तर 12.5 टक्के. लाभांशातून अमेरिका 25 टक्के आधीच कापते, डब्ल्यू-8बेन, म्हणजे आपण परदेशी आहोत हे ब्रोकरला कळवणारा फॉर्म, भरलेला नसेल तर 30. हा फॉर्म सहीच्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाअखेरीस संपतो आणि बहुतेकांचा तेव्हा बिनबोभाट संपतो.

घाईत आयटीआर-1, म्हणजे आयकर रिटर्नचा सगळ्यात सोपा फॉर्म, भरणं ही नेहमीची चूक. परदेशी शेअर असलेल्याला तो चालत नाही आणि 5अ लागू असलेल्यालाही नाही. 5अ च्या तक्त्यात जोडीदाराचा पॅन लागतो, आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात आकडे मार्चअखेरचे नसतात, 31 डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे असतात. त्यामुळे ब्रोकरकडून जानेवारीतलं स्टेटमेंट उतरवून ठेवायचं, जुलैत शोधत बसायचं नाही.