४६ विजय, ४६ पराभव

सोमवार, १८ जुलै २०२२

निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी अमेरिकेतील बेसबॉलच्या मुख्य लीगला सुट्टी लागली आहे आणि बाल्टिमोर ऑरिओल्सच्या खात्यावर ४६ विजय व ४६ पराभव आहेत. गेल्या वर्षी हा संघ १६२ पैकी ११० सामने हरला होता आणि ऑगस्टमध्ये त्याने लागोपाठ १९ पराभव पत्करले होते. त्यामुळे इतर कोणत्याही शहरात जो आकडा सामान्य ठरला असता, तो येथे लोक एकमेकांना अभिमानाने सांगत आहेत. मेरीलँडमध्ये राहायला आल्यापासून हा संघ मीही आपला मानला आहे, पण सुट्टीचे हे चार दिवस आनंदापेक्षा हिशेबाचे आहेत असे मला वाटते.

२ जुलैला संघ ३५-४४ होता. त्यानंतर मिनेसोटातील एक, घरच्या मैदानावर टेक्सासविरुद्धचे तीन, एंजल्सविरुद्धचे चार आणि शिकागोत कब्सविरुद्धचे दोन असे सलग दहा सामने जिंकले. १९९९ नंतर एवढी मोठी विजयमालिका या संघाने पाहिली नव्हती. मग टॅम्पा बेविरुद्ध तीनपैकी दोन सामने गमावले आणि पारडे पुन्हा समतोल झाले. आपल्या गटात ऑरिओल्स अजूनही पाचवे, म्हणजे शेवटचेच आहेत, कारण या गटातील एकाही संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त नाहीत. मात्र यंदापासून प्रत्येक लीगमध्ये गटविजेत्यांखेरीज तीन सर्वोत्तम, म्हणजे वाइल्ड कार्ड, संघांना पुढे जाता येते आणि त्या तिसऱ्या जागेपासून ऑरिओल्स केवळ साडेतीन सामने मागे आहेत.

हे घडले कसे, याची दोन उत्तरे मला पटतात. पहिले अगदीच रूक्ष आहे: घरच्या कॅम्डन यार्ड्स मैदानाची डावीकडची भिंत हिवाळ्यात सुमारे २६ फूट मागे नेऊन १३ फूट उंच केली, आणि पूर्वी जे फटके सहज होमरन (षटकारासारखा सीमापार फटका) ठरत ते आता झेलात जातात. दुसरे उत्तर म्हणजे अ‍ॅडली रचमन. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वांत आधी निवडलेला हा कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) वसंतातील सरावात दंडाला दुखापत झाल्यामुळे उशिरा, २१ मे रोजी, मुख्य संघात आला. सुरुवातीचे काही आठवडे त्याची बॅट थंडच होती, परंतु तो फलंदाजामागे बसू लागल्यापासून पिचरांची, म्हणजे गोलंदाजांची, देहबोली बदलली. प्रत्येक डाव संपला की हा पोरगा पिचरजवळ जाऊन काहीतरी बोलतो. आकडेवारीत हे कोठे दिसते हे मला सांगता येणार नाही, पण पडद्यावर ते सतत दिसते.

मला खरा रस रचमनच्या मागून येणाऱ्या रांगेत आहे. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही व्यवस्था समजायला वेळ लागतो. मुंबईचा रणजी संघ मुंबईसाठी खेळतो आणि करंडक जिंकणे हेच त्याचे ध्येय असते. मायनर लीगमधले संघ मात्र वरच्या संघासाठी खेळाडू घडवण्याकरिता असतात. सॅलिसबरीचा डेलमार्व्हा, त्यावरचा अ‍ॅबरडीन, मग बोवी आणि शेवटी व्हर्जिनियातील नॉरफोक अशी ऑरिओल्सची चढण आहे. बोवीचा संघ ऐन रंगात असताना त्याचा सर्वोत्तम फलंदाज एका सकाळी नॉरफोकला निघून जातो, आणि गावकरी तक्रार न करता त्याला निरोप देतात. गेल्या वर्षी मायनर लीगची फेररचना होऊन संलग्न संघ १२० वर आणले गेले, तेव्हा आमच्याच राज्यातील फ्रेडरिकचा संघ या साखळीतून गळाला. त्या गावाच्या वाट्याला मात्र निरोप देण्याचे हे सुखही उरले नाही.

गनर हेंडरसनला मी मे महिन्यात बोवीच्या मैदानावर पाहिले. अलाबामातील सेल्मा या गावचा, तेव्हा वीस वर्षांचा हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) गेल्या वर्षी अ‍ॅबरडीनला असताना वरचेवर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकांनी बाद, होत असे. यंदा बोवीत त्याने स्ट्राइकआउटपेक्षा वॉक (चार वाइड चेंडूंमुळे मिळणारी पहिली बेस) जास्त मिळवले. मला त्याचे लांब फटके लक्षात राहिले नाहीत, तर कोपऱ्याबाहेर वळणारा चेंडू शांतपणे सोडून देण्याची त्याची सवय लक्षात राहिली. जूनच्या सुरुवातीला तो नॉरफोकला गेला, जॉर्डन वेस्टबर्गही तेथेच आहे, आणि परवा लॉस एंजेलिसला होतकरूंच्या फ्यूचर्स सामन्यात हेंडरसन खेळला. कोल्टन काउझर नुकताच बोवीत आला आहे. हृदयाच्या स्नायूंच्या दाहामुळे २०२१ चा पूर्ण हंगाम गमावलेला हेस्टन कर्स्टाड, २०२० च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू, या जूनमध्ये डेलमार्व्हाकडून अखेर आपला पहिला व्यावसायिक सामना खेळला. त्याच्या धावांची गणती मी तूर्त करणार नाही; तो मैदानात उतरला हेच यंदापुरते पुष्कळ आहे.

या यादीत एक उणीव आहे आणि उत्साहाच्या भरात तिच्याकडे दुर्लक्ष होते: ही सगळी मुले फलंदाज आहेत. पिचरांच्या बाजूने दोनच मोठी नावे होती. त्यांपैकी ग्रेसन रॉड्रिगेझ, ज्याला अनेक जाणकार मायनर लीगमधला सर्वोत्तम पिचर मानत होते, १ जूनला नॉरफोककडून खेळताना पाठीच्या बाजूचा स्नायू दुखावून मैदानाबाहेर गेला. दुसरा डी. एल. हॉल, त्याचा वेग डोळे दिपवणारा आहे, पण चेंडू कोठे पडेल याची त्यालाही खात्री नसावी असे कधीकधी वाटते. मुख्य संघाचा आघाडीचा पिचर जॉन मीन्स एप्रिलमध्येच कोपराच्या शस्त्रक्रियेसाठी गेला. अशा स्थितीत काल रात्री ड्राफ्टमध्ये पहिली निवड ऑरिओल्सची होती आणि त्यांनी ओक्लाहोमातील शाळकरी शॉर्टस्टॉप जॅक्सन हॉलिडे याला घेतले. बऱ्याच जणांनी आंद्रू जोन्सच्या मुलाचे, म्हणजे ड्रू जोन्सचे नाव धरले होते. हॉलिडेही माजी खेळाडूचाच मुलगा आहे, मॅट हॉलिडेचा. निवड मला वावगी वाटत नाही, कारण पिचरांचे खांदे आणि कोपरे इतके बेभरवशाचे आहेत की पहिल्या निवडीची जोखीम त्यांच्यावर घेणे महाग पडते. पण अठरा वर्षांचा मुलगा बाल्टिमोरला पोहोचायला काही वर्षे लागतील, आणि चांगल्या फलंदाजांच्या बदल्यात पिचर मिळवण्याची तयारी संघाचे सरव्यवस्थापक माइक इलायस यांना केव्हातरी दाखवावी लागेल.

या मुलांच्या पोटापाण्याची बातमीही याच आठवड्यात आली. किमान वेतनाच्या दाव्यात मायनर लीगच्या खेळाडूंना एकूण १८.५ कोटी डॉलर देण्याची तडजोड शुक्रवारी जाहीर झाली. ट्रिपल-ए म्हणजे मुख्य संघाच्या अगदी दारातली पायरी, आणि तेथे आठवड्याला किमान ७०० डॉलर मिळतात, तेही हंगाम चालू असेपर्यंतच; मुख्य संघात पाऊल ठेवणाऱ्याचा किमान वार्षिक पगार यंदा सात लाख डॉलर आहे. त्यामुळे ‘हेंडरसनला इतक्यात वर आणू नका, नॉरफोकमध्ये मुरू द्या’ असे आम्ही प्रेक्षक सहज म्हणतो, तेव्हा त्या वाक्याची किंमत कोणीतरी दुसराच मोजत असतो.

आता उरतो २ ऑगस्टचा प्रश्न, कारण त्या दिवशी खेळाडूंची अदलाबदल बंद होते. ट्रे मॅन्सिनी आणि होर्हे लोपेझ यांना विकायचे की नाही, यावर शहरात दोन तट आहेत. लोपेझला दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या संघाने सोडून दिले तेव्हा आपण उचलले. गेल्या वर्षी सुरुवातीचा पिचर म्हणून तो सपशेल पडला, आणि यंदा शेवटच्या डावांत येऊन ऑल-स्टार झाला. अशा पिचराचे भाव आजच्यापेक्षा वर जाण्याचा संभव कमी आहे, त्याची जागा घ्यायला फेलिक्स बाउतिस्ता तयार आहे, आणि पिचरांची उणीव भरण्याचा हाच एक स्वस्त मार्ग आहे. म्हणून मी लोपेझला विकेन. मॅन्सिनीला विकणार नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उपचार घेऊन तो २०२१ मध्ये परतला, ही भावनेची बाजू बाजूला ठेवली तरी, त्याचा करार संपत आल्यामुळे त्याच्या बदल्यात एखादाच मध्यम होतकरू हाती लागेल. गेली चार वर्षे या संघाने प्रत्येक उन्हाळ्यात आजचा खेळाडू विकून परवाचा घेतला आहे. साडेतीन सामन्यांच्या अंतरावर असतानाही तेच केले, तर खालून येणाऱ्या मुलांना वर आणण्याचा मुहूर्त कधी निघणार, हे मला कळत नाही.

माझा अंदाज मात्र माझ्या इच्छेच्या विरुद्ध जातो. इलायस दोघांनाही विकतील असे वाटते. हेंडरसनलाही ते ऑगस्टच्या अगदी शेवटी वर आणतील, कारण त्यानंतर खेळलेल्या थोड्या सामन्यांमुळे पुढच्या वर्षीचा त्याचा नवोदित दर्जा टिकतो आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला मिळाल्यास खेळाडू संघटनेशी झालेल्या नव्या करारानुसार क्लबला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळू शकते. हिशेब चोख आहे. शुक्रवारपासून सामने पुन्हा सुरू होत आहेत, आणि तिसऱ्या बेसवर हेंडरसन आजच हवा आहे.