बार्बाडोसला जाताय? आधी वारा कुठून येतो ते बघा

बार्बाडोसचं तिकीट काढलं की आमच्या ओळखीतली मंडळी मला हमखास विचारतात, कुठल्या बीचवर जाऊ? टोरोंटोहून थेट विमान आहे, त्यामुळे हिवाळ्यात इथल्या मराठी घरांतून कोणी ना कोणी जातंच. फोन येतो तेव्हा त्यांच्याकडे इंटरनेटवरून उतरवून घेतलेली लांबलचक यादी असते आणि यादीत वरच्या नंबरला बहुतेक वेळा बॉटम बे. दोन्हीकडे उंच कडे, मध्ये माडांचा पुंजका, खाली निळंहिरवं पाणी. फोटोत तो किनारा देखणाच दिसतो, समोर उभं राहिल्यावर त्याहून देखणा. पण तिथे पोहायचं नसतं. पाण्याला जबरदस्त ओढ आहे आणि लक्ष ठेवायला जीवरक्षक नाही. घरात लहान पोर असेल तर अख्खा वेळ त्याचं मनगट धरून पाण्याकडे बघत बसावं लागतं.

म्हणून मी म्हणते, यादी बाजूला ठेवा, नकाशा उघडा आणि वारा कुठून येतो ते बघा.

बेट छोटं आहे. उत्तर-दक्षिण ३४ किलोमीटर, पूर्व-पश्चिम फार तर २३. कॅरिबियनमधली बाकीची बेटं एका माळेत आहेत आणि बार्बाडोस त्या माळेच्या बाहेर, पूर्वेला एकटंच अटलांटिकमध्ये उभं आहे. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो. पूर्वेला आफ्रिकेपर्यंत मध्ये जमीन नाही, त्यामुळे तिकडून निघालेली लाट कुठेही न अडता थेट या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन फुटते. पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला, म्हणून तिथलं पाणी शांत. दक्षिणेला दोन्हींचं मिश्रण: थोड्या लाटा, थोडा वारा, आणि जसजसं पूर्वेकडे सरकावं तसतसा जोर वाढत जातो. एवढं लक्षात राहिलं की निम्मी निवड तिथेच होते. पोहायचं असेल तर पश्चिम, लाटांत खेळायचं असेल तर दक्षिण, समुद्र बघायचा असेल तर पूर्व.

मी आंजर्ल्याची. आमच्याकडे समुद्रावर निघताना पहिला प्रश्न तिथीचा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हे घरात लहानपणीच पाठ होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, त्या दिवशी पोरांना एकटं सोडायचं नाही. बार्बाडोसला पोचल्यावर आईने सवयीने विचारलंच, "आज काय आहे गं, भरती कधीची?" पण तिथे भरती-ओहोटीत मीटरभराचाही फरक जेमतेम पडतो. सकाळी चटई अंथरली तिथे संध्याकाळीही ती कोरडीच राहते. कोकणच्या माणसाला तिथे तिथीऐवजी लाटांचा अंदाज बघायची सवय लावून घ्यावी लागते. शिवाय हिवाळ्यात कधीकधी उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लाटा पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचतात, आणि एरवी तळ्यासारखं निवांत असणारं पाणी दोन-तीन दिवस अंगावर येतं. त्या दिवसांत पश्चिमेचा हट्ट धरू नये. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, याला अपवाद नाही.

माझ्याबरोबर आई होती, सत्तरी उलटलेली, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. लेक लाटांसाठी वेडा. दोघांना एकाच किनाऱ्यावर खूश ठेवायचं तर फार विचार करावा लागतो. आईसाठी मला कार्लाइल बे सगळ्यांत आवडला. राजधानी ब्रिजटाउनला लागूनच अर्धवर्तुळाकार उपसागर आहे, पांढरी वाळू, तळ हळूहळू खोल होत जाणारा, पायाला दगड लागत नाहीत. तिथे पहाटे पहाटे जावं. जवळच गॅरिसनचं रेसकोर्स आहे, तिथले शर्यतीचे घोडे उजाडायच्या सुमारास पेबल्स बीचवर आणून समुद्रात उतरवतात. मानेपर्यंत पाण्यात गेलेला घोडा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. नुसतं डोकं पाण्यावर, नाकपुड्या फुगलेल्या, आणि बाजूला दोर धरून पोहणारा माणूस त्याच्याशी सारखं काहीतरी हळू आवाजात बोलत होता. बाहेर आल्यावर घोड्याने अंग झटकलं आणि आई नखशिखांत भिजली. हसत सुटली नुसती.

त्याच वेळी तिथली वयस्कर माणसं 'सी बाथ' घ्यायला येतात. गळ्यापर्यंत पाण्यात गोल करून उभं राहायचं आणि गप्पा मारायच्या. कुणी पोहत नाही, कुणाला घाई नाही. बार्बाडोसमध्ये गुड मॉर्निंग म्हटल्याशिवाय बोलणं सुरू करणं उद्धटपणा समजतात, तेव्हा आईने पंजाबी ड्रेसमध्येच पाण्यात शिरून सगळ्यांना गुड मॉर्निंग घातलं. एका आजींनी तिचा हात धरून पाण्यात गुडघा कसा वाकवायचा, टाच कशी वाळूत रोवायची ते दाखवलं. दोघींचं इंग्रजी एकमेकींना अर्धंच कळत होतं. त्यानंतर रोज पहाटे आई आमच्या आधी तयार. तिची सुट्टी मला वाटतं त्या एका किनाऱ्यावरच सार्थकी लागली.

याच उपसागराच्या तळाशी बुडालेली जहाजं आहेत. 'बर्विन' नावाची टगबोट १९१९ पासून तिथे पडून आहे, आणि पाणी इतकं उथळ की नुसता स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावला तरी वरून दिसते. पोहता येणाऱ्या कुणालाही तिथे वेगळ्या सहलीची गरज नाही, पण बोटींची ये-जा असते, म्हणून एकट्याने जाऊ नये.

लेकासाठी दक्षिण किनारा. ओइस्टिन्स या कोळ्यांच्या गावाला लागून एंटरप्राइझ बीच आहे, सगळे त्याला मायामी बीच म्हणतात. तिथे एका बाजूला पाणी संथ आणि वळसा घालून पलीकडे गेलं की लाटा. आई इकडे, लेक तिकडे, आणि मी मध्ये. सावलीला सुरूची झाडं! आंजर्ल्यासारखीच, वाऱ्याने तसाच आवाज करणारी, खाली तसाच सुयांचा थर. जीवरक्षक असतो. शुक्रवारी गेलात तर संध्याकाळी तिथूनच ओइस्टिन्सच्या मासळीबाजारात जा. त्या रात्री तिथे चुली पेटतात, निखाऱ्यांवर भाजलेला ताजा मासा मिळतो. मी माही-माही घेतला. सोबत मॅकरोनी पाय देतात, तो मला जड वाटला, लेकाला मात्र फार आवडला. बेटाची ओळख म्हणून फ्लाइंग फिश खावाच.

तसंच पूर्वेकडे गेलं की क्रेन बीच लागतो. कड्यावर जुनं हॉटेल, खाली किंचित गुलाबी झाक असलेली वाळू. पोवळ्यांचा आणि सूक्ष्म शिंपल्यांचा चुरा मिसळून तो रंग येतो. लाटा अंगावर घ्यायच्या वयाच्या मुलांना तिथून हलवत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र खाली उतरायची सोय आधी विचारून घ्यावी.

पूर्व किनाऱ्यासाठी अख्खा दिवस काढा असं मी सगळ्यांना आग्रहाने सांगते, आणि लोक नेमका तोच कापतात, कारण 'तिथे पोहता येत नाही'. बाथशेबाला ब्रिजटाउनहून सरकारी बस जाते, साडेतीन बार्बाडोस डॉलर तिकीट, म्हणजे पावणेदोन अमेरिकी डॉलर. बस बेटाच्या कण्यावरून उसाच्या शेतांतून जाते आणि मग एकदम उतार लागून समोर अटलांटिक येतो. बेटाचा बहुतेक भाग पोवळ्यांपासून बनलेल्या चुनखडीने झाकलेला आहे. या ईशान्येच्या भागात मात्र ते आवरण झिजून गेलंय आणि खालची माती, वाळूचा खडक उघडा पडलाय. कड्यावरून सुटलेले चुनखडीचे प्रचंड धोंडे समुद्रात उभे आहेत. लाटांनी ते बुडाशी खाऊन टाकलेत, त्यामुळे वर रुंद आणि खाली निमुळते. इथल्या लाटेला सर्फर लोक 'सूप बोल' म्हणतात, जगभरातून येतात. आपण उतरायचं नाही. ओहोटीला खडकांमध्ये डबकी तयार होतात, त्यांत बसता येतं. खऱ्या अर्थाने पाण्यात जायचं असेल तर थोडं दक्षिणेला सेंट जॉनमध्ये बाथ नावाचा किनारा आहे. समोरच्या प्रवाळाच्या रांगेने लाट बाहेरच अडते. स्थानिक कुटुंबं डबे घेऊन तिथे येतात, सुरूखाली बसतात. पूर्वेला मुलांना पाण्यात सोडायला मला तीच एक जागा भरवशाची वाटली.

पूर्वेचा बेत आखण्याआधी सरगॅसमची चौकशी करा. हे तपकिरी, तरंगणारं शेवाळ. २०११ पासून ते अटलांटिकमधून प्रचंड प्रमाणात कॅरिबियनच्या किनाऱ्यांना लागतंय, साधारण मार्चपासून उन्हाळाभर जास्त. बार्बाडोसमध्ये पूर्व आणि आग्नेय किनाऱ्याला त्याचा मार बसतो, पश्चिम बहुतेक वाचते. खोल समुद्रात हेच शेवाळ लहान माशांना आणि कासवांच्या पिल्लांना आसरा देतं, पण किनाऱ्यावर थर साचून कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो, डोकं दुखतं, अंगावरची चांदी काळवंडते. आज स्वच्छ असलेला किनारा परवा भरलेला असू शकतो. हॉटेलच्या वेबसाइटवरचा फोटो इथे कामाचा नाही. आदल्या संध्याकाळी बसस्टॉपवर, दुकानात, टपरीवर विचारा. लोक नीट सांगतात.

आता पश्चिम. होलटाउनच्या आसपास श्रीमंत हॉटेलांची रांग आहे, ती बघून आपल्यासारखी माणसं बिचकतात. बिचकू नका. बार्बाडोसमध्ये सगळे किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेलची खुर्ची त्यांची, वाळू आणि पाणी सगळ्यांचं. दोन भिंतींच्या मधून बोळ असतात, त्यातून सरळ जायचं. ही गोष्ट मला त्या देशाबद्दल मनापासून आवडते. पेन्स बे आणि मलिन्स, दोन्हीकडे पाणी निवांत आणि सूर्यास्त समोर. तेरा अक्षांशावर असल्यामुळे अंधार लवकर आणि झपाट्याने पडतो, सहाच्या आसपास सूर्य गेला की संपलं.

पेन्स बेला कासवं दिसतात. बोटवाले त्यांना खाऊ घालून बोलावतात आणि पाहुण्यांना मध्ये उतरवतात. आम्ही गेलो नाही. आंजर्ल्याला आणि वेळासला कासवांची घरटी राखण्यासाठी माणसं कशी रात्रीची किनाऱ्यावर फिरतात ते मी पाहिलंय. बोटीच्या आवाजाकडे धावत येणारं कासव पंख्यात सापडायला वेळ लागत नाही. किनाऱ्यावरूनच थोडं आत पोहत गेलं आणि स्तब्ध राहिलं तरी कासव दिसतं. आम्हाला दिसलं, चांगलं परातीएवढं, तळाचं गवत खात होतं, आणि आमच्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. बार्बाडोसचे किनारे हॉक्सबिल कासवांची अंडी घालायची जागा आहेत. तुमची खोली समुद्रालगत असेल तर रात्री बाल्कनीचा दिवा बंद ठेवा, पिल्लं उजेडाकडे वळतात.

पश्चिमेला सावली शोधताना एक झाड ओळखायला शिका: मॅन्शिनील. छान पसरलेलं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं, वास गोड. फळ विषारी, आणि चीक बिब्यासारखा उततो. पावसात खाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही फोड येतात. बऱ्याच झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण सगळ्यांवर असेलच असं नाही. आईने पहिल्याच दिवशी फळ उचलायला हात पुढे केला होता, शहाळेवाल्याने ओरडून थांबवलं. शेजारीच गोल, जाड पानांचं सी ग्रेपचं झाड असतं, त्याची सावली बिनधास्त घ्या.

आणि मुलांच्या बॅगेत लष्करी छपाईची हाफपँट-टोपी असेल तर घरीच ठेवा, तिथे सामान्य माणसाने ती घालणं कायद्याने गुन्हा आहे.

राहायचं कुठे, हाही खरं तर बीचचाच प्रश्न. माझ्या मते हेस्टिंग्ज-वर्दिंगच्या पट्ट्यात घ्या, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. रॉक्ली बीचपर्यंत समुद्राकडेने पायरस्ता आहे, आईवडिलांना संध्याकाळी फिरायला उत्तम. पिवळी मिनीबस किंवा पांढरी झेडआर व्हॅन हात केला की थांबते. एका दिशेला कार्लाइल बे, दुसऱ्या दिशेला ओइस्टिन्स, आणि ब्रिजटाउनला बस बदलली की पश्चिम किनारा. सकाळी उठून वारा बघायचा, शेवाळाची खबर घ्यायची आणि त्या दिवशीचा किनारा त्या दिवशी ठरवायचा. हॉटेल पश्चिमेला आगाऊ पैसे भरून ठेवलं की हे जमत नाही, मग उत्तरेच्या लाटा आल्या तरी माणूस तिथेच अडकून बसतो.