डायलिसिसवाल्यांच्या घरच्यांसाठी ध्यानाचा क्लास: माझा अनुभव आणि अकरा वाजताचं त्रांगडं

आठ आठवड्यांचा क्लास पुरा झाला, शिकवलेलं कामीही येऊन राहिलं, पण त्या वेळापत्रकाचा राग अजून गेला नाही. माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष ठेवायचं ध्यान, दर बुधवारी सकाळी 11 ला. आमच्या पेशंटचं डायलिसिस सोम-बुध-शुक्र, पहिली शिफ्ट, 7 ते 11. कागदावर झकास जुळते. ज्यानं हे ठरवलं, त्यानं माणूस मशीनवरून सुटताना कधी पाहिला नसावा.

अकराला काय होते? मशीनमधलं रक्त परत जाते, दोन्ही सुया निघतात, प्रत्येक जागी गॉजचा बोळा 10-15 मिनिटं दाबून धरावा लागतो. ढिला धरला तर रक्त सुटते, फार आवळला तर फिस्टुला (सुया टोचायला हातातली धमनी अन् शीर जोडून केलेली जागा) आतून रक्त गोठून बंद पडायची भीती. मग वजन, बसून बीपी, उभं करून बीपी. मशीननं अंगातलं पाणी जास्त काढलं असेल तर चक्कर अन् पोटऱ्यांत गोळे याच वेळी. पावणेबारापर्यंत घरचा माणूस हलू शकत नाही. आणि क्लासचा नियम असा की 10 मिनिटं उशीर म्हणजे गैरहजर, आठपैकी सहा हजेऱ्या नसल्या तर नाव पुढच्या बॅचमध्ये. पहिले दोन बुधवार असेच गेले. सेंटरच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "शिफ्ट बदलून घ्या." शिफ्ट म्हणजे काय एसटीची सीट आहे? दुपारची घेतली तर गावाची शेवटची बस जाते. मग म्हणे, "दुसऱ्या कोणाला पाठवा." ताण एकाला, ध्यान दुसऱ्यानं करायचं!

अर्ज दोनदा दिला, काही हललं नाही. टेक्निशियनकडून चार तासांचा तक्ता लिहून घेतला तेव्हा गाडी पुढे सरकली. सुरुवातीचा पाऊण तास सुया, जोडणी, बीपी. शेवटच्या तासात बीपी पडायचा धोका जास्त. मधला वेळ, साधारण 8 ते 10, घरचा माणूस वऱ्हांड्यात मोबाईल चाळत बसलेला. तो कागद समुपदेशक मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि तिसऱ्या बुधवारपासून क्लास सव्वाआठला आला. उरलेल्या सहा हजेऱ्या मोजून भरल्या. तुमच्याकडे अडलं तर अर्ज नको, तक्ता न्या.

शिकणं त्यामानानं सोपं. या आठ आठवड्यांच्या क्लासचा साचा जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बांधला, त्यात घरी रोज 45 मिनिटं सराव आहे. ढोरं, पाणी भरणं आणि पेशंटची वेगळी अळणी भाजी यांतून 45 मिनिटं कोणाला भेटतात? 10-10 मिनिटांचे दोन तुकडे करा: एक मशीनच्या मधल्या वेळात, एक झोपताना. खुर्चीवर पाठ टेकून, तळवे जमिनीला, श्वास एक ते दहा मोजायचा. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. चुकणं हाच सराव आहे, त्यात वैतागू नका.

डोळे मिटल्यावर छातीत धडधड वाढते असं काहींना होते. त्यांनी डोळे उघडे ठेवून फक्त तळव्यांकडे लक्ष द्यावं.

खरी परीक्षा पाण्याची. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, आणि डॉक्टरांनी पेशंटला दिलेलं दिवसभराच्या पाण्याचं माप साधारण लघवी होते तेवढं अधिक अर्धा लिटर. पेशंट ओरडतो, आपण त्याच्यावर ओरडतो. "नाही" म्हणायच्या आधी तीन पूर्ण श्वास, एवढंच. बर्फाचा खडाही मापातच धरा, तिथे मन मोठं करू नका.

सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर एक मिनिट लक्ष देऊन पाहायची. सरावही होतो, तपासणीही. थरथर लागली नाही तर ध्यान सोडा, लगेच सेंटरला फोन.

झोप दोन-दोन आठवडे उडाली असेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर श्वास मोजत बसू नका; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

हो, अन् ध्यानाचा ऑडिओ तालुक्यालाच मोबाईलवर उतरवून घ्या, गावात रेंज नसते. पेशंटजवळ बसून ऐकायचं असेल तर हेडफोन एकाच कानात. दुसरा कान मशीनच्या अलार्मसाठी.