आणि मग त्याला जाग आली

आमचा गोष्टलेखनाचा वर्ग सांगलीत, आमच्याच घराच्या बाहेरच्या खोलीत सुरू झाला. मुलं चार. पहिल्याच दिवशी तिघांच्या गोष्टी एकाच वाक्यावर संपल्या: 'आणि मग त्याला जाग आली.' दरोडेखोर विहिरीपाशी पोचलेत, मुलगा आत लपलाय, आणि तिथेच जाग! मला फार चुटपुट लागली.

शाळेत मुलं मुद्द्यांवरून कथा लिहितात. दोन मुद्द्यांमध्ये आडवी रेघ, शेवटी तात्पर्य. ते गाठायच्या घाईत उत्कर्षबिंदू, म्हणजे गोष्टीतला सगळ्यात ताणाचा क्षण, त्या रेघेतच राहून जातो.

कितीतरी महिने मी नुसतं 'शेवट रंगवा' म्हणत राहिले. मुलांनी विशेषणं वाढवली, बाकी काही नाही. वाट सापडली ती म्हातारीच्या भोपळ्यात. लेकीकडून परतताना वाघ भोपळा अडवतो, तिथे मी गोष्ट थांबवली. म्हटलं, पुढे जायचं नाही. भोपळ्याच्या आत बसा. दिसत काहीच नाही, मग वाघ जवळ आलाय हे कळतं कशावरून? तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं, 'वाघाने भोपळा हुंगला. म्हातारीने तूप खाल्लेलं तोंड पदराने घट्ट झाकलं.' लेकीकडची तूप-रोटी तिने बरोबर वाघाच्या नाकापर्यंत आणली होती! त्या दिवशी मला माझं काम समजलं.

तेव्हापासून आमच्याकडे तो क्षण आधी लिहायचा, सुरुवात मागाहून. पोलीस, देव, अचानक पडलेली वीज यांनी सुटका करायची नाही. जे कामी येणार ते आधी गोष्टीत येऊन गेलेलं हवं, लेकीने दिलेल्या भोपळ्यासारखं. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याच्या जुन्या अंकांतल्या गोष्टी आम्ही ऐन अडचणीच्या जागी थांबवून वाचतो.

पालक विचारायचे, 'मार्क वाढतील का?' मी खोटं आश्वासन दिलं नाही, म्हणून काही मुलं गेली. एका शाळेने वर्षाच्या मध्यात माझं तिथलं काम बंद केलं, तेव्हा दोन महिने घरखर्च ओढाताणीने चालला. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर आला आणि दुबईतली मराठी मुलं जोडली गेली.

आता तीन तुकड्या आहेत, प्रत्येकीत बाराच मुलं. प्रत्येकाचा तो क्षण मोठ्याने वाचून व्हायलाच हवा, म्हणून बारा. येत्या जूनपासून कोल्हापुरात शनिवारची तुकडी सुरू करतेय. वह्या छापायला टाकल्यात. त्यांत मुद्दे नाहीत, रेघा नाहीत. मधली चार पानं पूर्ण कोरी ठेवलीत.