डुलणे : वाक्यात उपयोग करा

कोल्हापूर, रविवार रात्र

लेकीला आज 'डुलणे' या शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा होता. तिनं लिहिलं, 'भूकंपात घर डुलते.' मी म्हटलं, चुकलं. "का? हलतंच की!" यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. शब्द रोज तोंडात असतो, पण कुणी का म्हणून विचारलं की अडतं.

दुपारी शेतावर गेलो होतो. उसाला तुरे आलेत. तुरा आला की उसाची वाढ थांबते, म्हणून तात्यांचा त्यावर राग. तरी बांधावर बघत उभे राहिले. "वाऱ्यावर कसा डुलाय लागलाय बघ. भरणी चांगली झाली, बुडाला माती हाय. न्हाईतर पावसातच लोळला असता."

उत्तर तिथं मिळालं. बूड पक्कं असेल आणि शेंडा वाऱ्याला मोकळा असेल, तर ते डुलणं. बूडच सुटलं की डगमगणं, आणि तोल गेला की झोकांडी. भूकंपात घराचं बूडच हलतं. किटलीतलं दूध डुलत नाही, हिंदकळतं. नाव हेलकावे खाते. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी, म्हणजे देवाच्या मानाची उंच निशाणकाठी, आभाळात डुलते, ती खाली बुंधा पेलणाऱ्या गड्याच्या आणि चौफेर दोऱ्या ताणून धरणाऱ्यांच्या जिवावर. त्यांनी हात सोडले तर डुलणं तिथंच संपलं.

डोलणं त्याच्या अगदी जवळचं, पण त्यात मन येतं. गाण्यावर माणूस डोलतो. मान हलवली तर नकारही असेल. डोलावली म्हणजे पसंती. आणि बसल्या जागी झोपेनं मान कलली की ती डुलकी.

संस्कृतात दोला म्हणजे झोपाळा. 'आंदोलन' या शब्दाच्या मुळाशीही तेच झुलणं आहे. आमच्याकडे गळीत हंगाम तोंडावर आला की पेपरात ऊसदराचं आंदोलन असतंच, पण त्यात झोपाळा दडलाय हे मला कळलं ते गाण्यामुळं. वडील मला देवल क्लबात घेऊन जायचे. १८८३ पासूनची इथली गाण्याची संस्था. शाहू महाराजांच्या दरबारातले गायक अल्लादियाखाँसाहेब याच गावात राहिले, हे वडील प्रत्येक वेळी सांगायचे आणि मला प्रत्येक वेळी ते नवं वाटायचं. एकदा तिथं दरबारी कानडा राग ऐकला. त्यातला कोमल गंधार गवई सरळ लावत नाहीत, सावकाश झुलवतात; त्या झुलवण्यालाच आंदोलन म्हणतात. सूर खालीवर होत राहतो, पण आपली जागा सोडत नाही. वडिलांनी नुसतं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तो हात सुराबरोबर अगदी थोडा हलत होता. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. दरबारीचं नाव निघालं की मला आधी तो हात आठवतो.

घरी आल्यावर लेकीला उसाचं सांगितलं. सासनकाठीचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण दोन्हीतलं काही लिहिलं नाही. आई समोर शेंगा सोलत बसली होती. तिच्याकडे बराच वेळ बघून पोरीनं जुनं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'आजी एका जागी बसते आणि तिच्या कानातले डूल डुलतात.'