पणजीच्या कार्यालयातील एक मुलाखत

आज आमच्या पणजीच्या लेखापरीक्षण कार्यालयात आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीए होण्यासाठीच्या सक्तीच्या उमेदवारीसाठी, आलेल्या मुलीने विद्यावेतनाआधी वेगळेच विचारले, ‘‘सर, व्हाउचर तपासण्याचे काम सॉफ्टवेअरच करणार असेल, तर मी येथे काय शिकणार?’’ मला चटकन उत्तर सुचले नाही.

मी स्वतः तीन वर्षे व्हाउचरांवर हिरव्या शाईने खुणा करत हा व्यवसाय शिकलो. १ जुलै २०२३ पासून नोंदणी करणाऱ्यांसाठी ही मुदत दोन वर्षांवर आली, आणि ज्या कंटाळवाण्या कामातून चूक हेरण्याची नजर तयार होत असे, ते बँकेच्या उताऱ्याशी नोंदी जुळवण्याचे काम आता काही मिनिटांत उरकते. आमच्या व्यवसायाचा डोलारा शिकाऊ मुलांच्या तासांवर उभा आहे. तो पायाच आक्रसला, तर उद्या ताळेबंदावर सही करणारा भागीदार कोठून येणार? त्यातच उत्तीर्ण झालेली मुले पुण्या-बंगळुरूची वाट धरतात. (आमचे पगार ठाऊक असल्याने त्यांना दोष देववत नाही.)

शेवटी मी तिच्यापुढे एका हॉटेलचे, वरवर चोख जुळलेले खाते ठेवले. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असताना कपडेधुलाईचे बिल डिसेंबरइतकेच कसे, असे तिने अर्ध्या तासात विचारले. सोमवारपासून ती रुजू होत आहे.