31 डिसेंबरची गर्दी गेली, 26 जानेवारी यायचीये

आज मंगळवार. आमच्या होमस्टेत एकच खोली लागलीये, वयस्कर जोडपं आहे, ते सकाळीच किल्ला बघायला मालवणात गेले आणि मी दुपारी चक्क झोपले. आता डोकं जरा शांत आहे तर लिहून ठेवते, कारण जोडून सुट्ट्या सुरू झाल्या की विचार करायला फुरसत नसते आणि बघता बघता मे येऊन उभा राहतो.

तारकर्ली-देवबागला ज्यांचं होमस्टे आहे त्यांना हे सांगायला नको. दिवाळी, मग नाताळ ते 31, मग मधले वीकेंड, परीक्षांमुळे मार्च थोडा थंड आणि एप्रिलच्या मध्यापासून नुसती झुंबड. साधारण 26 मे ला वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते 31 ऑगस्टपर्यंत, 1 जूनपासून मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्याही पावसात बंद. त्यात 2025 ला पाऊस 25 मे लाच सिंधुदुर्गात पोचला आणि शेवटची बुकिंगं गेली ती गेलीच. म्हणून आपण सगळेच मिळेल ते बुकिंग घेतो, आणि कुणी म्हटलं की दमलीस तर उत्तर ठरलेलं, पावसात आराम करू.

हेच मला आता अजिबात पटत नाही. पावसात कसला आराम? खाऱ्या हवेनं गंजलेलं सगळं काढायचं, गळती बघायची, एसी सर्व्हिसिंग, गाद्यांना बुरशी लागू नये म्हणून आटापिटा, मग गणपती, चाकरमानी, घर भरलेलं. आणि पाय दुखत असतील तर ते जूनमध्ये झोपून बरे होतात हो, पण मन एप्रिलमध्येच आटलं असेल तर जूनचा आराम मेच्या पाहुण्यांच्या काय कामाचा.

मागच्या मे मध्ये माझं तसं झालं होतं. अंगणात गाडी वळली की पोटात गोळा यायचा. एका लहान मुलीनं "काकू अजून एक आंबोळी द्या ना" म्हटलं आणि मला आतून राग आला, त्या पोरीचा, जिला खरं तर माझ्या हातचं आवडलं होतं! रात्री रडायला आलं. नंतर वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआऊटची व्याख्या केली, आजार म्हणून नाही तर कामाच्या न संपणाऱ्या ताणातून येणारी अवस्था म्हणून, आणि त्याच्या तीन खुणा दिल्यात: शक्ती संपणं, कामाबद्दल मनात दुरावा नाहीतर कडवटपणा येणं आणि हातून काम नीट होत नाहीये असं वाटणं. त्यातली दुसरी वाचून मी थांबलेच. आपल्या धंद्यात तीच सगळ्यात वाईट, कारण खोली, एसी, बीच हे सगळ्यांकडेच आहे, लोक परत येतात ते घरच्यासारखं वाटतं म्हणून, आणि तेच जर माझ्याकडे उरलं नसेल तर मी देणार काय?

मग मी नीट बघायला लागले की दमवतं काय. स्वयंपाक नाही, तो मला मनापासून आवडतो. दमवतो तो दोन्ही टोकांना ताणलेला दिवस. पुण्याहून रात्री निघालेली गाडी पहाटे 5 ला दारात, चेक-इन 12 चा असला तरी माणसांना बाहेर कसं बसवणार. डॉल्फिनवाले 7 ला निघणार म्हणून त्यांचा चहा त्याआधी. रात्री बीचवरून लोक यायला साडेदहा, मग एकाला सुरमई, एकाला कोळंबी, एकाला संकष्टी म्हणून व्हेज. भांडी आवरेपर्यंत 12 आणि उशाशी फोन वाजतोच, "रूम अव्हेलेबल आहे का".

दिवाळीपासून काही गोष्टी बदलल्या. जेवणाची ऑर्डर संध्याकाळी 5 पर्यंत, लिलावात जो मासा चांगला मिळेल त्याचीच थाळी आणि गॅस साडेनऊला बंद. पहाटे येणाऱ्यांसाठी पडवीत दोन पलंग, बाथरूम आणि चहाचा थर्मास, हे बुकिंग घेतानाच सांगतो. रात्री 9 नंतर फोन ह्यांच्याकडे. वाटलं होतं लोक नाराज होतील, तर झालं उलटंच, आधी सांगितलं की बहुतेक जण समजून घेतात, आणि ज्यांना नाही चालत ते दुसरीकडे जातात, जाऊ देत.

मे चं मात्र अजून अवघड आहे. तेव्हाच मुंबईची घरची माणसंही आंबे खायला गावी येणार, लग्नं असणार, विहीर खाली गेलेली, लाईट जाणार आणि मदतीच्या बायका काजू-आंब्याच्या बागेत, जे बरोबरच आहे, तो त्यांचाही सीझन. शिवाय त्याआधी आंगणेवाडीची जत्रा, माहेर तिकडचं म्हणून मला जायचंच असतं पण तारीख देवीच्या कौलानं ठरते, त्यामुळे खूप आधी खोल्या ब्लॉक करून ठेवता येत नाहीत.

काल रात्री ह्यांच्याशी बसून ठरवलं, एप्रिलच्या मध्यापासून सीझन संपेपर्यंत विहिरीकडची मागची खोली बुकिंगला ठेवायचीच नाही. दुपारी 2 ते 4 तिथे मी आणि कामाच्या बायका पडणार, पंखा लावून, दार लावून. आणि आठवड्यातला बुधवार नवीन चेक-इन नाही. ह्यांनी वहीत तोटा मांडून दाखवला, आकडा छोटा नाही, मलाही धडकी भरली. पण बाकीच्या खोल्यांचे मे चे रेट थोडे वाढवले तर बरंचसं भरून निघतंय, आणि आई म्हणाल्या की त्यांच्या वेळी दुपारी घरातलं कुणी न झोपता राहायचं नाही, तर तुम्हीच का राहता.

आता काजू सुरू व्हायच्या आत कामाच्या मावशींशी बोलायला हवं, त्यांचे बागेचे दिवस कुठले आणि आमच्याकडचे कुठले ते पक्कं करायला, आणि यावर्षी त्यांचा पगारही वाढवायचाय.